चौथ्या रचनेतले अकरा सेकंद

मला लोक फिलर कैलास म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. बदलापूर ते टिटवाळा या पट्ट्यात गेली बावीस वर्षं मी हळदीला कीबोर्ड वाजवतोय, आणि हळदीचा नियम एकच असतो: आवाज थांबता कामा नये. गायक कडवं विसरला, ढोलकीवाला पाणी प्यायला गेला, नवरदेवाच्या मामाने माइक हिसकावून भाषण ठोकलं, तरी मागे काहीतरी चालू पाहिजे. दहा सेकंद शांतता पडली की मांडवातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात, आणि प्यायलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली की खुर्च्या उडतात. म्हणून मी भरतो. जागा दिसली की बोटं आपोआप जातात. आमच्यात याला फिलर म्हणतात, आणि त्यात माझा हात धरणारा या भागात कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

पण फिलर म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीला पडलेल्या भेगा लिंपणं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की आपली स्वतःची एक भिंत असावी. आठ रचनांचा अल्बम. चार आधी बसवलेल्या, चार आयत्या वेळी सुचतील तशा, एका दमात वाजवलेल्या. गाणारा कुणी नाही, फक्त मी. बायकोला सांगितलं तर अंजनी म्हणाली, "ऐकणार कोण?" कुठे टोचायचं ते बायकांना बरोबर कळतं.

ऐकणारा एक होता. जनू. पोटासाठी मी अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पॅनल ऑपरेटर आहे, आणि जनूही तिथेच पॅनलवर होता. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथला. आयटीआय करून कंपनीत लागलेला वाडीतला पहिला माणूस. वय छत्तीस, बोलणं कमी. मला मास्तर म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावर नुसती बोटं आपटत बसलो तरी तो डबा तसाच ठेवून बघत राहायचा आणि म्हणायचा, "काय वाजवताय, मास्तर?" मी सांगायचो, आणि तो मान हलवायचा, जणू त्याला ऐकू आलंय.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मला स्टुडिओ मिळत होता आणि माझी दुसरी पाळी होती. जनू सकाळी सातपासून पहिली पाळी करून निघायच्या बेतात होता. मी म्हटलं, "जन्या, माझी पाळी मार आज. पहिली रचना रेकॉर्ड करायचीय." तो आदल्या रात्री घरी नीट झोपला नव्हता, हे मला माहीत होतं. त्याने सांगितलं होतं मला. तरी तो म्हणाला, "जावा तुमी."

संध्याकाळी सातच्या सुमारास पॅनलसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. हार्ट. खुर्चीवरून पडलासुद्धा नाही. मी तेव्हा उल्हासनगरला पहिल्या रचनेचा दुसरा टेक देत होतो, आणि तो फार छान गेला.

मला कुणीही एका शब्दाने काही बोललं नाही. कंपनीत नाही, वाडीत नाही. एवढं गप्प राहतात माणसं, तर त्यांच्या पोटात काय असेल, याचा विचार करून मी अर्धा झालो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

बाराव्या दिवशी मी वाडीवर गेलो. बदलापूरहून रिक्षा, जांभूळच्या पुढे जाऊन बारवीचा रस्ता, मग अर्धा तास चढण. पाठीला सेलवर चालणारा माझा लहान कीबोर्ड होता. मी होऊन नेला नव्हता. जनूची बायको जिवली हिने निरोप पाठवला होता की भाऊंना सांगा, पेटी घेऊन या, त्याला तुमची पेटी आवडायची.

त्या वाडीत मेलेल्या माणसाला बाराव्या दिवशी दुपारी अंगणात बसवून तीन गोष्टी विचारतात. विचारणारा जनूचा चुलता, सुकऱ्याबाबा. त्याच्यापुढे काशाची थाळी, थाळीच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली एक बारीक काडी. ओल्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढत राहायची. त्यातून जो आवाज निघतो तो कानात शिरत नाही, दाढेत शिरतो. त्या आवाजावर तो गाऊन गाऊन मेलेल्याला रस्ता सांगतो, घरापर्यंत आणतो, आणि मग प्रश्न करतो. प्रश्न झाला की थाळी बंद. गाणं बंद. तीन घोट पाणी प्यायला लागेल तेवढा वेळ सगळं अंगण गप्प. त्या रिकाम्या जागेत मेलेला बोलतो. ज्याच्यासाठी बोलतो त्यालाच बहुतेक ऐकू येतं.

"तू मागनं वाजव," सुकऱ्याबाबा मला म्हणाला. "पर मी थांबलो का तूबी थांबायचा. ती जागा त्याची हाय."

मी मान डोलावली. आणि मोबाइल मांडीशी ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. लपवत नाही आता काही. तो थाळीचा आवाज मला अल्बमसाठी हवा होता.

पहिला प्रश्न झाला. "पोट भरला का तुजा?" शांतता. समोर बसलेल्या जिवलीने डोळे मिटून मान हलवली, आणि तिचा चेहरा जरा निवला. मला काही ऐकू आलं नाही. मी थांबलो होतो, नियमाप्रमाणे.

दुसरा प्रश्न. "कोनाला काय सांगाचा हाय का?"

थाळी थांबली. अंगणात कोंबडीसुद्धा हलेना. आणि मला कळलं की आता तो माझं नाव घेणार. सगळ्यांसमोर, तिच्यासमोर. मास्तराने मला डबल पाळी मारायला लावली, असं सांगणार. माझी बोटं बासरीच्या टोनवर उतरली आणि मी ती जागा भरली. अकरा सेकंद. नंतर मोजले म्हणून सांगतो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओशाळून म्हटलं, "सवय हो बाबा. हात जातो." कोणाला ते खोटं वाटलं नाही.  सुकऱ्याबाबाने तिसरा प्रश्न न विचारताच काडी उपटली.

*

जिज्ञासाचा स्टुडिओ उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वर आहे. खाली चाळीस मशीन धडधडत असतात, म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला. पोरगी सव्वीस वर्षांची, कान असा की शेजारच्या गल्लीत स्टूल सरकवलं तरी हिला खटकणार. मी तिला वाडीवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

"सर, ही चौथी रचना," ती एकदम म्हणाली. "काहीच नको करूया. ॲज इट इज टाकू. बाकी सगळं चांगलंय, पण हे... सर, ये अलगही है."

मला ते माहीत होतं. बावीस वर्षांत मी असे अकरा सेकंद वाजवले नव्हते. भीतीने वाजवलेले सूर होते ते, आणि भीतीने वाजवलेलं खरं लागतं. मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

मग तिने हेडफोन घातले, तोच तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "बासरीच्या खाली कोण बोलतंय?"

"कुणी नाही. गप्प होते सगळे."

"बोलतंय सर. पुरुष आहे. शब्द कळत नाहीयेत, तुमचा सूर बरोबर त्याच्याच वर बसलाय."

तिने कसलंसं सॉफ्टवेअर लावून कीबोर्ड वेगळा काढायचा प्रयत्न केला. कीबोर्ड काढला की खालचा आवाजही जायचा. ठेवला की दोन्ही. मोबाइलवर एकाच माइकने घेतलेलं, त्यात वेगळं काय काढणार. मी म्हटलं, "वारा असेल." ती म्हणाली, "वाऱ्याला खोकला होत नाही, सर."

मी विषय बदलला आणि पाचवी रचना घ्यायला बसलो. बंद खोली, काच, जाड पडदे, मी आणि कीबोर्ड. तोही वायरने थेट जोडलेला, खोलीत माइकच नाही. साडेपाच मिनिटं एका दमात वाजवलं. बाहेर आलो तर जिज्ञासा पंखा बंद करून बसली होती आणि तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

"इथेपण आहे," ती म्हणाली.

मी ऐकलं. जिथे माझे सूर होते तिथे, त्यांच्या तळाला, कुणीतरी बोलत होतं. सावकाश, समजावून सांगितल्यासारखं. मी वाजवताना जिथे श्वास घ्यायला थांबलो होतो तिथे तोही थांबला होता. मी सुरू झालो की तो सुरू. म्हणजे त्याला ऐकायचं तर मी वाजवायला हवं होतं, आणि मी वाजवलं की त्याचे शब्द कळत नव्हते.  आवाज मी ओळखला होता. पॅनलवर सात वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज शब्दांशिवायही ओळखता येतो.

जिज्ञासाला मी काही सांगितलं नाही.  त्या दिवसापासून ती माझ्या रेकॉर्डिंगला दार उघडं ठेवून बसायला लागली.

*

मार्चमध्ये जिवली आमच्या घरी आली. अंजनीने तिला आत घेतलं, चहा ठेवला. जिवली खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. पायात चप्पल नव्हती. बारवीच्या फाट्यापर्यंत चालत आली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तो जात नाय."

अंजनी कप हातात धरून उभी राहिली.

"रोज दुपारी येतो. आंगनात त्या दिवशी बसला व्हता तिथंच बसतो. मना बघतो. मी म्हनते, बोल. तो तोंड उघडतो." तिने स्वतःच्या तोंडापाशी हात नेला. "तोंड उघडतो आनि त्याच्या तोंडातनं तुमची पेटी वाजतं."

मी म्हणालो, "वहिनी, मनाचे खेळ असतात. ऐकलेलं कानात राहतं."

जिवली माझ्याकडे बघत राहिली आणि गुणगुणायला लागली. पहिल्यांदा ते अकरा सेकंद. बरोबर, एकेक सूर. ते तिने त्या दिवशी ऐकले होते, ठीक आहे. पण मग ती पुढे गेली. ती पाचवी रचना गुणगुणत होती. उल्हासनगरच्या बंद खोलीत, पाच आठवड्यांपूर्वी, आयत्या वेळी सुचलेली, जिज्ञासा आणि मी सोडून तिसऱ्या कोणी न ऐकलेली.

"हे कुठे ऐकलंत?"

"सांगतेय ना. त्याच्या तोंडातनं."

अंजनीने कप ओट्यावर ठेवला. आत जाऊन देवापाशी दिवा लावला, भर दुपारी. बाहेर येऊन मला म्हणाली, "तुम्ही काय केलंत?" एवढंच. वीस वर्षांच्या संसारात तिने मला असं कधी विचारलं नव्हतं.

मी दोघींना खरं सांगितलं. पाळी मी त्याच्यावर टाकली हे, आणि सवयीने नव्हे, माझं नाव येईल या भीतीने वाजवलं हे. मला वाटलं होतं जिवली शिव्या देईल. मला त्या शिव्या हव्याच होत्या. ती म्हणाली, "पाळीचा मना म्हाईत व्हता. त्याने फोनवर सांगितला व्हता, मास्तरांचा गाना हाय आज." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "त्याला काय सांगाचा व्हता ते मना पायजे, भाऊ. तेवढाच पायजे."

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. सुकऱ्याबाबा कुडाच्या सावलीत बांबू सोलत बसला होता. मान वर न करता बोलला. एकदा बिघडलं तर दुसऱ्यांदा विचारता येतं, म्हणाला. तिसऱ्यांदा कधी विचारत नाहीत. दुसऱ्यांदा विचारायचं तर जे मधे आलं ते आधी पुसलं पाहिजे.

"तुजा वाजवलेला कुठं कुठं ठेवलास?"

"मोबाइलमध्ये. स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये."

"कुठंच ठेवायचा नाय. त्याच्या जागंवर तू बसलास. तू उठल्याबिगर तो कुठं बसंल?"

शुक्रवारी मी जिज्ञासाला चौथी आणि पाचवी पुसायला सांगितली. ती भांडली. "सर, पाचवी ठीक है, पण चौथी? पूरा अल्बम उसीपे खडा है." मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "तो आवाज... कुणाचा आहे?" मी सांगितलं. तिने मुकाट्याने दोन्ही पुसल्या, बॅकअपमधूनही पुसल्या, आणि मला स्क्रीन दाखवली. मोबाइलमधली मी तिच्यासमोर पुसली.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातंय. आदल्या रविवारीच मी चौथी रचना पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. ती मी पुसली नाही. अंजनीच्या दागिन्यांच्या डब्यात, मंगळसूत्राच्या जुन्या डबीखाली ठेवली. मी मनाशी हिशेब असा घातला की पेन ड्राइव्ह म्हणजे काही आवाज नव्हे. लावली तर वाजणार. न लावलेली पेन ड्राइव्ह म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. आम्हा कीबोर्डवाल्यांचं निम्मं आयुष्य पेन ड्राइव्हमध्ये असतं: टोन, ताल, दुसऱ्यांनी बनवलेले आवाज. जे लावलं नाही ते नाहीच, असं आम्ही धरून चालतो. आणि बावीस वर्षांत एकदाच मला माझं असं काही जमलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

*

एप्रिलमधल्या एका दुपारी पुन्हा अंगण सारवलं. ऊन रणरणत होतं, डोंगरावर सागाची पानं वाजत होती. वाडीतली वीसेक माणसं कुडाला टेकून बसली. जिवली समोर. तिच्यापुढे हातभर अंतरावर एक रिकामा पाट. कीबोर्ड मी आणला नव्हता. सुकऱ्याबाबाने मला पाटाच्या बाजूला बसवलं आणि म्हणाला, "हात मांडीखाली घाल." मी दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसलो.

थाळी सुरू झाली. पाऊण तास त्याने रस्ता गायला. ओढा, आंब्याचं झाड, धरणाची भिंत, डांबरी, कंपनीचं गेट. तिथून परत. गेटपाशी आल्यावर त्याचा आवाज जरा अडकला, मग पुढे गेला. जिवलीची नजर अंगणाच्या तोंडाशी होती. एका क्षणी ती नजर हळूहळू आत आली आणि पाटावर थांबली.

"पोट भरला का तुजा?"

थाळी थांबली.

"भरला," जनू म्हणाला.

या वेळी मला ऐकू आलं. सगळ्यांना आलं, कारण कुडाशी बसलेली एक म्हातारी कानाला हात लावून थरथरायला लागली. आवाज पाटावरून आला, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून. जरा बसका, जेवणाच्या सुट्टीतला. मला इतकं बरं वाटलं की रडू फुटलं. तो होता. माझ्यापासून दोन हातांवर होता. आता त्याने माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. मला ते हवं होतं.

काडीवर पुन्हा बोटं फिरली.

"कोनाला काय सांगाचा हाय का?"

शांतता पडली. मी तळवे जमिनीत रुतवले.

"जिवले," जनू म्हणाला.

माझं नाव नव्हतंच. माझ्याबद्दल काही नव्हतंच. बायकोला हाक मारली होती त्याने. त्या दिवशीही तेच असणार. पॅनलसमोर बसून मरताना माणसाला मास्तर कशाला आठवेल?

जिवली पुढे झुकली. आणि पाटावरून, त्याच उंचीवरून, माझी बासरी सुरू झाली.

तेच अकरा सेकंद. सगळी वाडी माझ्या हातांकडे बघत होती. हात मांडीखाली होते, मला माझं वजन त्यांच्यावर जाणवत होतं. मी ओरडलो, "थांब! थांब!" कोणाला सांगत होतो कोण जाणे. जिवली गुडघ्यांवर पुढे सरकली, पाटापाशी तोंड नेलं, आणि कोणाच्या तरी ओठांकडे टक लावून बघत बोलायला लागली, "बोलतोय. बोलतोय तो. ओठ हलताय त्याचे. बासरी बंद करा कोनी तरी. भाऊ, बंद करा ना!"

मला बंद करता येत नव्हतं. ते बंद करायचं बटण बदलापूरला एका डबीखाली होतं.

सूर संपले. सुकऱ्याबाबाचं तोंड उतरलं होतं, पण विचारायला लागल्यावर त्याला अर्ध्यावर सोडता येत नाही. त्याने काडी ओढली.

"जातंस का आता?"

"जातू," जनू म्हणाला. थकलेल्या माणसाच्या आवाजात, पाळी संपल्यावर म्हणायचा तसं.

जिवलीची नजर पाटावरून उठली, अंगणाच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथेच राहिली.  मग सुकऱ्याबाबाने थाळी पालथी घातली आणि मला विचारलं, "कुठं ठेवलीस?"

"घरी," मी म्हणालो.

तो थाळीचं मेण नखाने खरवडत बसला.

*

त्या दिवसापासून जनू अंगणात येत नाही. माझ्या सुरांखालीही कोणी बोलत नाही. जिज्ञासाने सगळं तपासलं, स्वच्छ आहे. अल्बम ऑगस्टमध्ये निघाला. सहा रचना. मी सुरेल वाजवलंय असं चार जणांनी कळवलं, त्यातला एक माझा मेहुणा.

पेन ड्राइव्ह फोडायला मी त्याच संध्याकाळी वरवंटा घेतला होता. अंजनीने हात धरला. "तुमची नाही ती आता," म्हणाली. "तिला विचारा." मी विचारलं. जिवली म्हणाली, "फोडू नका. तो बोललाय त्याच्यात."

त्यामुळे दर शुक्रवारी ती उल्हासनगरला येते. जिज्ञासा खाली जाऊन तिला जिना दाखवते, पाणी देते, तिच्यासाठी खुर्ची बाजूला करून सतरंजी अंथरते. मोठे स्पीकर लावते. मीही जाऊन बसतो. जिवलीने बोलावलंय म्हणून, आणि न जाण्याची हिंमत नाही म्हणून. थाळी वाजते, सुकऱ्याबाबाचा पहिला प्रश्न होतो. पहिल्या शांततेत ती मान हलवते. दुसरा प्रश्न होतो. ती डोळे मिटून पुढे झुकते, सगळं अंग कानात आणून.

आणि स्पीकरमधून मी वाजवायला लागतो. ती डोळे न उघडता माझ्या दिशेने हात वर करते, बोलणाऱ्या माणसाला मधे थांबवायला करतात तसा, आणि हळूच म्हणते, "भाऊ, जरा थांबा ना." मी शेजारी हात बांधून बसलेला असतो, श्वास रोखून, आणि पूर्ण अकरा सेकंद वाजवत राहतो.